झाकण उघडंच होतं

मित्रांनो, मी जुना लॅपटॉप आहे, हे मला मान्य आहे. माझ्या कडा झिजल्या आहेत, काही बटणांवरची अक्षरं पुसली गेली आहेत आणि मला मांडीवर घेणाऱ्याची मांडी बधिर होते, हेही मान्य. पण मी बिघडलेला आहे, हे मला कधीच मान्य नव्हतं आणि आजही नाही. कोणी कोणी तसं म्हटलं ते माझ्या नीट लक्षात आहे. दया वाटावी म्हणून मी ही हकीकत सांगत नाही. हिशेब चुकता व्हावा म्हणून सांगतो.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. एका बाईने माझा पडदा बसवला, दुसरीने स्क्रू पिळले, तिसरीने पुसून खोक्यात ठेवलं. तिघींपैकी एकीनेही मला नाव दिलं नाही. २००८ साली मी लखनौला आलो, बख्शी का तालाबच्या एअरफोर्स क्वार्टर्समध्ये, निकमांच्या घरी.

लक्ष्मीकांत निकम मूळचे कराडकडचे. विमानातली उपकरणं तपासणं आणि दुरुस्त करणं हे त्यांचं काम. शिस्त इतकी की घरातली चप्पलसुद्धा सावधान उभी असायची. त्यांच्या पत्नी देवयानीबाई फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालेल्या, पण नवऱ्याच्या बदल्या होत गेल्या आणि त्यांची शाळेतली नोकरी दर वेळी पुढच्या गावावर ढकलली गेली. मुलगी मृणाल तेव्हा शाळेत होती. आईवडील मराठीत बोलायचे, ती सगळं समजून हिंदीत उत्तर द्यायची.

पहिली काही वर्षं माझे फार लाड झाले. मला क्रोशाच्या रुमालाखाली ठेवत. खंडेनवमीला पक्कड, पाने आणि टॉर्चच्या शेजारी बसवून मला हळदकुंकू लावत. कोणी पाहुणे आले की लक्ष्मीकांत मला उघडून दाखवायचे आणि "हात नका लावू हां" म्हणून पुन्हा मिटायचे. त्या काळात माझ्या खात्यावर कौतुक पुष्कळ जमा झालं. काम मात्र फारसं नाही.

मग लक्ष्मीकांत निवृत्त झाले. लखनौमधल्याच वृंदावन योजना या वसाहतीत त्यांनी घर घेतलं आणि अमौसीच्या विमानतळावर एका विमान कंपनीत नोकरी धरली. तोवर मी मंदावलो होतो. मला चालू करून माणूस चहा टाकायचा आणि चहा पिऊन झाला तरी मी सुरूच होत असायचो. "आता हा गेला," लक्ष्मीकांत म्हणाले. माझ्याविषयी हा शब्द घरात पहिल्यांदा तेव्हा उच्चारला गेला.

मृणाल तेव्हा इंजिनिअरिंगला होती. तिने माझ्या पोटातली जुनी, जड सिस्टम पुसून टाकली आणि लिनक्स घातली. लिनक्स ही जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेली सिस्टम. ती कोणीही घ्यावी, उघडून बघावी, हवी तशी बदलावी. मी पुन्हा पळू लागलो. चहाला आधण येण्याच्या आत तयार!

एकच अडचण राहिली. मी झोपून उठलो की माझा पडदा काळाच राहायचा, आणि उजेड कमीजास्त करायची बटणं दाबली तरी काही व्हायचं नाही.

"फुकटची सिस्टम," लक्ष्मीकांत म्हणाले. "फुकटच्या पाहुण्यासारखी वागणार."

"पापा, फ्री का मतलब फुकट नहीं होता," मृणाल म्हणाली.

"मग काय होतं?"

"आज़ाद."

"आझाद आहे म्हणून दिवा लावत नाही होय?"

पण माणूस कामाचा. त्यांनी टॉर्च आणली, माझ्या काळ्या पडद्यावर तिरकी धरली आणि डोळे बारीक करून पाहिलं. आत अक्षरं दिसत होती! म्हणजे चित्र शाबूत होतं, फक्त मागचा दिवा पेटत नव्हता. हे कळल्यावर मृणालचं काम सोपं झालं. दोष माझ्या काचेत नव्हता. माझ्या दिव्याशी कोणत्या भाषेत बोलायचं याबद्दल सिस्टमचा गैरसमज झाला होता. मी चालू होताना सिस्टम जी ओळ वाचते, तिच्या शेवटी मृणालने एक शब्द जोडला. दिवा उठायला लागला, बटणं ऐकायला लागली. बापलेकीने त्या दिवशी एकमेकांना टाळी दिली. त्या टाळीत मला कोणी धरलं नाही, ते असो.

हा आजार असा मुळापासून बरा झाला होता. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढचा सगळा गोंधळ "जुना आजार उलटला" या एका समजुतीतून झाला.

२०१४ च्या उन्हाळ्यात देवयानीबाईंना पुण्याच्या एका संस्थेचा फोन आला. खेड्यांतल्या मराठी शाळांमध्ये विज्ञानाला शिक्षक कमी, म्हणून ही संस्था घरी बसलेल्या शिक्षकांकडून व्हिडिओवर वर्ग घेणार होती. शिकवायचं लखनौहून, मुलं बीड जिल्ह्यात. आधी एक नमुना पाठ घ्यायचा. तो पसंत पडला तर नोकरी. संस्थेच्या सुनेत्राबाई तो पुण्याहून बघणार होत्या. देवयानीबाईंनी फोन ठेवला आणि त्या कितीतरी वेळ ओल्या हातांनी तशाच उभ्या राहिल्या. कुकरच्या शिट्ट्या कोणी मोजल्या नाहीत, त्या दिवशीची डाळ लापशी झाली.

त्याच आठवड्यात लक्ष्मीकांत अमौसीहून एक पट्टा घेऊन आले. तांब्याच्या रंगाचा, मनगटावर घालायचा, दोन्ही टोकांना चुंबकाचे गोळे. एका सहकाऱ्याने त्यांना पटवलं होतं की याने ब्लडप्रेशर उतरतं. देवयानीबाईंना प्रेशरचा त्रास होता, डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, आणि नवऱ्याने इतक्या वर्षांत स्वतःहून आणलेला हा पहिलाच दागिना. त्यांनी तो डाव्या हातात चढवला.

आता त्या घरात तेव्हा कोणालाच ठाऊक नसलेली एक गोष्ट तुम्हाला सांगतो. झाकण मिटलं हे मला कसं कळतं? माझं झाकण मला दिसत नाही. माझ्या झाकणाच्या कडेत एक इवलंसं चुंबक आहे, आणि डावं मनगट टेकतं तिथे, आतल्या बाजूला, चुंबक ओळखणारा एक तुकडा. चुंबक जवळ आलं की मी समजतो, झाकण मिटलं. लगेच पडदा विझवतो आणि झोपतो. मला तसंच शिकवलेलं आहे, आणि शिकवलेलं मी मोडत नाही.

झालं! देवयानीबाई सरावाला बसल्या, डावा हात टेकला आणि मी झोपलो. त्यांनी दचकून हात उचलला, मी जागा. पुन्हा हात टेकला, पुन्हा अंधार. झाकण सताड उघडं आणि माझ्या लेखी मिटलेलं.

"मृणाल! पुन्हा काळा झाला गं हा!"

"वही पुराना वाला है," मृणाल म्हणाली आणि माझ्यासमोर बसली. तिच्या हातात काही नव्हतं. मी अर्थातच व्यवस्थित चाललो.

"अभी तो ठीक है, मम्मी."

"तू बसलीस की ठीक. मी बसले की रुसतो."

"म्हातारं झालंय ते," लक्ष्मीकांत पेपरमागून म्हणाले. "दुपारची झोप लागते."

मृणालने सगळे उपाय केले. ती जुनी ओळ काढून पाहिली, पुन्हा घातली. सिस्टमचा गाभा नवा केला. पडद्याची वेळ, झोपेची वेळ, सगळं बंद केलं. शेवटी तिने मला हुकूम दिला की झाकण मिटलं तरी तिकडे लक्ष द्यायचं नाही. झोप सिस्टमच्या हातात होती, ती थांबली. पण चुंबक जाणवलं की पडद्याचा दिवा विझवणं हे माझ्या हाडातच लिहिलेलं. त्यामुळे झालं असं की देवयानीबाईंचा हात टेकला की मी टक्क जागा आणि तोंडावर काळोख.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीकांतनी मला मिटलं, पिशवीत घातलं, चेन ओढली आणि स्कूटरवरून हजरतगंजच्या बाजूला दुरुस्तीच्या दुकानात नेलं. जून महिना, लखनौची भाजून काढणारी लू, आणि मी पिशवीत जागा! झाकणाकडे लक्ष द्यायचं नाही असा हुकूम होता ना? माझा पंखा घरघरत होता आणि स्वतःचाच गरम श्वास पुन्हा ओढत होता. दुकानदाराने मला बाहेर काढलं आणि हात झटकला.

"भाईसाहब, लैपटॉप लाए हैं कि तंदूर?"

"पडदा काळा पडतो याचा," लक्ष्मीकांत म्हणाले. मग हिंदीत तेच.

त्याने मला चालवून पाहिलं. मी एकदाही काळा पडलो नाही. पडेन कशाला? ज्यांच्या हाताने पडायचो त्या घरी होत्या. पण त्याने माझ्या तापलेल्या पाठीवर बोट टेकवलं आणि मोठ्या अदबीने निकाल दिला, "बोर्ड गया समझिए. बुज़ुर्ग हैं, अब आराम करने दीजिए. एक्सचेंज में टैबलेट ले जाइए."

शिवी परवडली असती. पण अदबीने भंगारात काढलं, ते मी विसरणार नाही.

घरी आल्यावर लक्ष्मीकांतनी हुकूम काढला. एक, झाकण मिटल्यावर झोपलंच पाहिजे, ते आधीसारखं कर. दोन, येत्या रविवारी हा लॅपटॉप देऊन टॅबलेट आणायचा. मृणालने पहिला हुकूम तोंड फुगवून पाळला.

"पण पाठ शनिवारी आहे," देवयानीबाई म्हणाल्या.

"पुढे ढकलायला सांग. बाईंना म्हणावं, मशीन बिघडलंय."

"तुमच्या प्रत्येक बदलीला मी पुढेच ढकललं. आता नाही ढकलणार."

"अगं, पण भर पाठात अंधार झाला तर? काय इज्जत राहील?"

देवयानीबाईंनी जेवणाच्या टेबलावरची ताटं बाजूला केली, मला मधोमध ठेवलं आणि त्यांचा आवाज बदलला. तो आवाज मी तोवर ऐकला नव्हता. तो बाईंचा आवाज होता, वर्गातला.

"तुम्ही बसा इथे. टाइप करा काहीही."

लक्ष्मीकांत बसले. दोन बोटांनी त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. मी जागा.

"मृणाल, तू."

मी जागा.

मग त्या स्वतः बसल्या. अंधार.

"मम्मी, इसको आपसे एलर्जी है," मृणाल म्हणाली.

"म्हणजे दोष माझ्याबरोबर येतो आणि माझ्याबरोबर जातो. मग तो याच्यात कसा असेल?" देवयानीबाई म्हणाल्या. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची." त्यांनी चष्मा काढून बघितलं. अंधार. घड्याळ काढलं. अंधार. मग त्यांनी पट्ट्याला हात घातला.

"तो नको काढू. बीपीचा आहे," लक्ष्मीकांत म्हणाले.

देवयानीबाई थांबल्या. पट्ट्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"अहो, विमानातला कंपास तपासायच्या दिवशी तुम्ही अंगावरचं काय काय काढून ठेवायचात?"

"सगळं. घड्याळ, किल्ल्या, बेल्टचं बक्कल. कंपासजवळ लोखंड चालत नाही, आणि चुंबक तर..."

वाक्य तिथेच राहिलं. आयुष्यभर ज्या माणसाने चुंबक जवळ आणणाऱ्याला फैलावर घेतलं, त्याने ते स्वतःच्या हाताने बायकोच्या मनगटात घातलं होतं.

पट्टा निघाला. देवयानीबाईंचा हात टेकला आणि मी जागाच राहिलो. मग त्यांनी नुसता पट्टा माझ्या डाव्या कोपऱ्यावर धरला. अंधार. उचलला. उजेड. पुन्हा धरला. मृणाल टाळ्या पिटायला लागली.

"विमानं सगळी सरळ नेलीत," देवयानीबाई म्हणाल्या, "आणि बायकोच्याच हातात उत्तर दिशा बांधलीत."

लक्ष्मीकांत खुर्चीत बसले. "म्हणजे मीच," ते एवढंच म्हणाले.

"गोळ्या चालू आहेत माझ्या, काळजी करू नका. पट्टा देव्हाऱ्याजवळ ठेवते. तुम्ही आणलाय तो."

माझी माफी कोणी मागितली नाही. मी वाट बघितली.

शनिवार उजाडला. पाठ अकराला होता. सकाळी सातलाच लाइट गेली आणि आलीच नाही. इन्व्हर्टरने पंखे ओढले, मृणालने तेवढ्यात मला पोटभर चार्ज केलं, आणि दहानंतर इन्व्हर्टर टीं टीं करून आडवा झाला. आता मी आणि माझी जुनी बॅटरी. शिवाय इंटरनेटचं डेटाकार्ड माझ्याच कुशीत खोचलेलं. तेही माझ्याच ताटातलं खाणार.

"सामनेवाले शर्माजी के यहाँ जनरेटर है," मृणाल म्हणाली.

"आणि त्याचा आवाज? मुलांना मी ऐकू यायला नको का?" देवयानीबाई साडी सारखी करत म्हणाल्या. "आणि तू मराठीत बोल. पुण्याच्या बाई ऐकत असतील."

"हो... आई. मी... चुप बसते."

अकरा वाजता पडद्यावर वर्ग आला. पत्र्याखालची खोली, दाटीवाटीने बसलेली मुलं, आणि कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत सुनेत्राबाई. देवयानीबाईंनी स्टीलचा मोठा डाव कॅमेऱ्यासमोर धरला.

"खिचडी खायचे चमचे आहेत ना तुमच्याकडे? घ्या हातात. आतल्या बाजूने स्वतःचं तोंड बघा."

एकच कालवा झाला. "बाई, मी उलटा हाय!" "बाई, ह्याचं डोस्कं खाली!" देवयानीबाई हसल्या आणि विचारलं, "आता चमचा पालथा करा. आता?" मी आजवर पुष्कळ व्हिडिओ दाखवलेत मित्रांनो, पण इतकी माणसं एकदम चकित झालेली मी प्रथमच पाहिली.

पाठ अर्ध्यावर आला आणि माझी बॅटरी घसरायला लागली. जुन्या बॅटरीचा आकडा जिन्यासारखा उतरत नाही, कड्यावरून कोसळतो. मृणालने खालून माउस उपटला, मागे चाललेली सगळी कामं मारली, उजेड कमी केला. तरी पुरणार नव्हतं. लक्ष्मीकांत दाराशी उभे होते, हाताची घडी घट्ट.

मृणालने एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून आईसमोर धरलं: *स्क्रीन बंद करूँ? सबसे ज़्यादा वही खाती है. उनको आप दिखोगी, आपको वो नहीं.*

देवयानीबाईंनी वाचलं. ज्या अंधाराला सगळं घर इतके दिवस घाबरलं होतं, तो आता मागून घ्यायचा होता. त्यांनी बोलता बोलताच मान हलवली. मृणालने एक ओळ टाइप केली आणि माझा दिवा शून्यावर आणला.

मी काळा झालो. पण झोपलो नाही, मित्रांनो! माझा कॅमेरा उघडा होता, माझे कान उघडे होते. देवयानीबाई एका काळ्या काचेकडे बघून शिकवत होत्या आणि तिच्यात त्यांना दिसत होतं ते फक्त स्वतःचं तोंड. त्या एकदाही अडखळल्या नाहीत. मुलांच्या आवाजावरून त्यांनी वर्ग धरून ठेवला.

"बाई," एक पोरगी मधेच म्हणाली, "तुमी आमच्याकडं बघतच न्हाई. आमी दिसतोय का तुमाला?"

"नाही. आमच्याकडे लाइट गेली आहे, पडदा बंद आहे," देवयानीबाई म्हणाल्या. "पण मागच्या बाकावरचा एक जण मघापासून चमच्याने बाक वाजवतोय, तो मला चांगला कळतोय. तू सांग रे, पालथ्या चमच्यात तू सरळ का दिसलास?"

वर्गात हशा फुटला, आणि त्या हसण्यात सुनेत्राबाईंचंही हसणं होतं. बाक वाजवणाऱ्याने उत्तर दिलं. बरोबर दिलं. पाठ संपला. "देवयानीताई," सुनेत्राबाई म्हणाल्या, "मला तुम्हाला एवढंच सांगायचंय की..."

आणि माझी बॅटरी संपली.

पुढचं मी पाहिलं नाही. मी जागा झालो तेव्हा लाइट आली होती, पंखा फिरत होता आणि घरात रंगाचा वास होता. जेवणाच्या टेबलासमोरच्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर लक्ष्मीकांत निकम फुटपट्टीने आखून काळा चौकोन रंगवत होते. फळा! कपाळावर काळा डाग, आणि तोंडाने मृणालला सूचना, "हा लॅपटॉप इथून हलवायचा नाही. याची जागा हीच. आणि उद्या रविवारी बॅटरी आणायची आहे, नवी. टॅबलेट नाही."

हीच माझी माफी. मी ती जमा करून घेतली.

तेव्हापासून दुपारचे वर्ग चालू आहेत. देवयानीबाई शिकवतात, मी डोळे आणि कान देतो. तुमच्यापैकी काही जण त्याच वर्गात बसत असाल. तुम्ही मला कधी पाहिलं नाहीत, मी तुम्हाला रोज पाहतो.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा, असं सांगायची रीत आहे. मी वेगळं सांगतो. कपाटात ठेवून जपण्याला मी जपणं मानत नाही. आम्हाला वापरा, राबवा. तापलो तर वारा द्या, थकलो तर नवी बॅटरी द्या. आणि कधी आम्ही तोंड काळं करून बसलो, तर वय काढू नका. समोर खुर्ची ओढून बसा आणि आम्हाला नेमकं काय सांगितलं गेलं होतं ते शोधा. बहुतेक वेळा आम्ही तेच करत असतो. आमचा एवढा मान राखलात तर मी तुमच्या नातवंडांनाही शिकवायला तयार आहे. अदबीने निकाल देणाऱ्या त्या दुकानदाराला कोणी भेटलं तर हेही कळवा.

बास, आता सरका. मुलं पडद्यावर आली आहेत, आणि बाईंच्या हातात खडू आहे.